ख्मेर विरुद्ध ख्मेर: कंबोडियाच्या बत्तीस वर्षांच्या यादवीची उकल

२२ जून १९८२ रोजी क्वालालंपूरमध्ये तीन कंबोडियन नेत्यांनी एकाच करारावर सह्या केल्या. पहिला नोरोदम सिहानूक, देशाचा माजी राजा. दुसरा सोन सान, याच सिहानूकचा एकेकाळचा पंतप्रधान, पुढे त्याच्यापासून पार दुरावलेला. तिसरा खिऊ सांफान, ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांच्या, राजवटीत राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीत बसलेला माणूस. त्या राजवटीत आपली पाच मुलं आणि चौदा नातवंडं गेली, असं सिहानूक स्वतः सांगत असे. तरीही तो खिऊ सांफानच्या मांडीला मांडी लावून बसला आणि नव्या आघाडी सरकारचा अध्यक्ष झाला. या सरकारच्या ताब्यात थायलंडच्या सीमेवरच्या छावण्या आणि जंगलाचे काही पट्टे सोडले तर जमीन जवळपास नव्हतीच. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची मात्र त्यांच्याकडे होती.

कंबोडिया म्हटलं की आपल्याला अंगकोर वाट आठवतं आणि त्याच्या पाठोपाठ पोल पॉट. पोल पॉटची राजवट तर आभाळातून पडल्यासारखी सांगितली जाते: एक माथेफिरू आला, त्याने शहरं रिकामी केली, माणसं मारली, मग व्हिएतनामने त्याला हाकललं. यात खोटं काही नाही, पण गोष्ट अर्धी आहे. ती राजवट एका लांबलचक यादवीच्या मधोमध आली. ही यादवी १९६७ साली भाताच्या सक्तीच्या खरेदीवरून पेटली आणि १९९९ साली शेवटचा सेनापती पकडला गेला तेव्हा विझली. इतिहासाच्या पुस्तकांत १९७० ते १९७५ एवढ्याच काळाला ‘यादवी युद्ध’ म्हणतात. मला ती विभागणी पटत नाही. आधीची आणि नंतरची माणसं तीच होती, फक्त त्यांच्या बाजू बदलत गेल्या. म्हणून हा इतिहास समजून घेताना लढायांच्या तारखा पाठ करण्यापेक्षा कोणत्या वर्षी कोण कुणाबरोबर होता, यावर नजर ठेवावी.

गादी एक, दावेदार अनेक

थोडं मागे जाऊ. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या मुख्य समाजाच्या, साम्राज्याची सुरुवात साधारण ८०२ सालापासून, दुसऱ्या जयवर्मनपासून धरतात. अंगकोरच्या दरबारात थोरल्या मुलालाच गादी, असा पक्का नियम नव्हता. राजाला राण्या अनेक, त्यामुळे मुलगे, भाऊ, पुतणे असे सगळेच हक्कदार. राजा गेला की भाऊबंदकी ठरलेली. साम्राज्य बलवान होतं तोवर हे भांडण घरातल्या घरात मिटायचं. १४३१ साली आयुथ्याच्या सियामी, म्हणजे आजच्या थायलंडच्या, फौजेने अंगकोर घेतलं, पुढे राजधानी दक्षिणेला सरकली आणि राज्य आकसत गेलं. मग भांडणात हरलेला राजपुत्र सरळ शेजाऱ्याकडे जाऊ लागला.

शेजारी दोन होते. पश्चिमेला सियाम आणि सतराव्या शतकापासून पूर्वेला व्हिएतनामी. एक भाऊ बँकॉकहून फौज आणायचा, दुसरा व्हिएतनामी दरबाराकडून. फौज फुकट येत नसे, तिची किंमत जमिनीत मोजावी लागे. मेकाँगच्या मुखाचा सुपीक प्रदेश, जुनं सायगाव म्हणजे आजचं हो ची मिन्ह शहर धरून, असाच हळूहळू व्हिएतनामकडे गेला. बट्टमबाँग आणि सिएम रीप, म्हणजे खुद्द अंगकोरची जमीन, सियामकडे गेली आणि १९०७ पर्यंत तिकडेच राहिली.

१८३० च्या दशकात व्हिएतनामी सम्राट मिन्ह मांगने कंबोडियाच्या गादीवर आंग मेय नावाच्या तरुण राणीला बसवलं आणि देश आपला प्रांत असल्यासारखा चालवायला घेतला. व्हिएतनामी अधिकारी, व्हिएतनामी पोशाख, गावांची व्हिएतनामी नावं. १८४० साली लोकांनी बंड केलं. सियाम आणि व्हिएतनाम कंबोडियाच्याच भूमीवर लढले आणि शेवटी दोघांच्या संमतीने आंग दुओंग राजा झाला. त्याचा मुलगा नोरोदम याने १८६३ साली फ्रान्सचं संरक्षण पत्करलं, तेव्हा त्यामागे या दोन शेजाऱ्यांच्या जात्यातून सुटण्याची धडपड होती.

या काळाने पुढच्या यादवीला दोन गोष्टी दिल्या. घरचं भांडण जिंकायला बाहेरून फौज आणायची सवय, आणि व्हिएतनामविषयीची धास्ती. ही धास्ती इतकी खोलवर गेली की विसाव्या शतकातल्या प्रत्येक ख्मेर पक्षाने, उजव्या काय नि डाव्या काय, तिचं भांडवल केलं.

राजा, जो राजा राहिला नाही

१९४१ साली फ्रेंचांनी अठरा वर्षांच्या सिहानूकला गादीवर बसवलं. पोरगेला आहे, ऐकेल, असा त्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी याच पोराने फ्रान्सकडून स्वातंत्र्य पदरात पाडून घेतलं. १९५५ मध्ये त्याने गादी वडिलांना देऊन टाकली, कारण घटनेने राजाचे हात बांधले होते आणि त्याला राजकारण करायचं होतं. स्वतःची संघटना काढून त्याने निवडणुकीत सगळ्यांना झोपवलं. तो सिनेमे काढायचा, गाणी रचायचा, लांबलचक भाषणं द्यायचा आणि विरोधकांना तुरुंगात टाकायचा किंवा देशोधडीला लावायचा. खेड्यातल्या माणसाच्या लेखी मात्र तो देवराजाच होता.

शेजारी व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना आपला देश त्यातून बाहेर ठेवणं हे त्याचं एकमेव मोठं ध्येय होतं, आणि त्यासाठी तो सगळ्यांशी एकाच वेळी खेळत होता. १९६५ साली त्याने अमेरिकेशी संबंध तोडले. उत्तर व्हिएतनामला सीमेवर तळ ठोकू दिले, सिहानूकविल बंदरातून त्यांची शस्त्रं जाऊ दिली. बदल्यात त्यांनी कंबोडियातल्या कम्युनिस्टांना चिथवायचं नाही, अशी अपेक्षा. त्याच वेळी तो स्वतःच्या देशातल्या डाव्यांना ठेचत होता. ‘ख्मेर रूज’, म्हणजे लाल ख्मेर, हे नाव त्यांना त्यानेच दिलेलं.

या लाल ख्मेरांचं नेतृत्व फ्रान्समध्ये शिकून आलेल्या काही तरुणांकडे गेलं. सालोथ सार हा त्यातला एक. १९४९ साली रेडिओचं तंत्रशिक्षण घ्यायला पॅरिसला गेला, परीक्षा पास न होताच परतला, राजधानी नॉम पेन्हच्या शाळेत मास्तरकी केली. १९६३ साली पक्षाचा सचिव झाला आणि पोलिसांच्या भीतीने जंगलात गेला. पुढे त्याने पोल पॉट हे नाव घेतलं. त्याची बहीण राजवाड्यातल्या राजाच्या बायकांपैकी एक होती आणि तो स्वतः लहानपणी राजवाड्याच्या आसपास वाढला होता. क्रांतिकारकांच्या चरित्रात हा तपशील सहसा मागे राहतो.

आता भाताकडे येऊ. सीमेवर हजारो व्हिएतनामी सैनिक, त्यांना खायला तांदूळ हवा. ते कंबोडियन शेतकऱ्याकडून सरकारी दरापेक्षा चढ्या भावाने भात विकत घेत. शेतकरी खूश, पण सरकारची निर्यात बुडाली आणि तिच्यावरचा करही बुडाला. तिजोरीला भोक पडलं. तेव्हा सरकारने १९६७ च्या सुरुवातीला सैन्यच भात खरेदीला पाठवलं. बंदूक घेऊन सैनिक गावात यायचे आणि सरकारी दराने भात मोजून घ्यायचे. बट्टमबाँग प्रांतातल्या सामलाउत भागात आधीच जमिनी हातच्या गेल्याचा राग होता. २ एप्रिल १९६७ रोजी तिथले लोक सैनिकांवर चालून गेले आणि भडका उडाला. सरकारने गावं जाळून उत्तर दिलं, माणसं जंगलात पळाली. जानेवारी १९६८ मध्ये ख्मेर रूजने त्याच प्रांतात एका लष्करी ठाण्यावर हल्ला करून सशस्त्र लढा अधिकृतपणे सुरू केला. तरीही दोन वर्षं त्यांची ताकद काही हजारांच्या पुढे गेली नाही. तेवढ्यावर नॉम पेन्ह जिंकता येणं शक्यच नव्हतं. ती ताकद त्यांना दुसऱ्यांनी मिळवून दिली.

१८ मार्च १९७०

सिहानूक परदेशात होता. त्याचा सेनाप्रमुख आणि पंतप्रधान लोन नोल आणि त्याचाच चुलतभाऊ राजपुत्र सिरिक मटक यांनी संसदेकडून त्याला राष्ट्रप्रमुख पदावरून काढण्याचा ठराव करून घेतला. शहरातले सुशिक्षित, व्यापारी, विद्यार्थी यांना सिहानूकच्या लहरींचा आणि व्हिएतनामी तळांचा कंटाळा आला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सिहानूक त्या दिवशी मॉस्कोत होता. विमानतळाकडे जाताना मोटारीत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनने त्याला ही बातमी दिली, असं सांगतात. विमान बीजिंगला गेलं.

पुढचे पाच दिवस माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे. सिहानूक फ्रान्सला जाऊन निवांत राहू शकला असता. पण चीनचा पंतप्रधान चौ एन लाय आणि उत्तर व्हिएतनामचा फाम व्हान दोंग यांनी त्याची समजूत घातली. ज्या ख्मेर रूजना त्याने जंगलात हाकललं होतं, त्यांच्याशीच त्याने हातमिळवणी केली. २३ मार्चला बीजिंगच्या रेडिओवरून त्याने आपल्या प्रजेला शस्त्रं उचलून जंगलात जायला सांगितलं. लोक गेले. त्यातल्या बहुतेकांना कम्युनिझमचं सोयरसुतक नव्हतं. ते आपल्या राजासाठी गेले. ख्मेर रूजला मनुष्यबळ मिळालं ते असं, राजाच्या नावावर. आणि सुरुवातीच्या लढाया तर त्यांना लढाव्याही लागल्या नाहीत, त्या त्यांच्यासाठी व्हिएतनामी कम्युनिस्ट फौजांनी लढल्या.

इकडे लोन नोलने ख्मेर प्रजासत्ताक जाहीर केलं आणि सगळा राग व्हिएतनामींवर वळवला. एप्रिल १९७० मध्ये कंबोडियात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या सामान्य व्हिएतनामी कुटुंबांच्या कत्तली झाल्या, मेकाँगमधून शेकडो प्रेतं वाहत आली. महिनाअखेर अमेरिकन आणि दक्षिण व्हिएतनामी फौजा सीमा ओलांडून आत आल्या. त्यामुळे उत्तर व्हिएतनामी तुकड्या सीमेवरून कंबोडियाच्या पोटात आणखी आत सरकल्या. ज्या युद्धापासून सिहानूकने देश पंधरा वर्षं लांब ठेवला होता, ते सहा आठवड्यांत देशभर पसरलं.

लोन नोल लढाऊ कमी आणि भाविक जास्त. १९७१ च्या फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी सत्ता सोडली नाही. सैनिकांना गोळी लागू नये म्हणून मंतरलेले कपडे आणि ताईत वाटले जात. राजधानीभोवती हेलिकॉप्टरमधून मंतरलेली वाळू टाकून घेतल्याचंही नोंदलेलं आहे. त्याच्या अधिकाऱ्यांचा विश्वास मात्र रोकड्यावर होता. हजेरीपटावर अस्तित्वातच नसलेल्या सैनिकांची नावं लिहायची, त्यांचा पगार खिशात घालायचा, वर अमेरिकेने दिलेली शस्त्रं शत्रूलाच विकायची. १९७१ च्या अखेरीस ‘चेनला दोन’ मोहिमेत या सैन्याचं कंबरडं मोडलं, त्यानंतर ते फक्त शहरं धरून बसलं.

आता बॉम्बहल्ले. ते १९७० च्या आधीच सुरू झाले होते. मार्च १९६९ पासून अमेरिकेची बी-५२ विमानं सीमेवरच्या तळांवर गुपचूप बॉम्ब टाकत होती, आणि हे अमेरिकेच्या संसदेपासूनही लपवलेलं होतं. या मोहिमांना नावं होती न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, फराळ. असल्या नावांवर काय बोलावं! १९७३ च्या जानेवारीत पॅरिसला व्हिएतनामबाबत तह झाला, मग तिथली मोकळी झालेली विमानं कंबोडियावर वळली. १५ ऑगस्ट १९७३ ला अमेरिकेच्या संसदेने हे थांबवायला लावेपर्यंत एकूण पाच लाख टनांच्या घरात बॉम्ब या छोट्या देशावर पडले, त्यातले जवळपास निम्मे त्या शेवटच्या सहा-सात महिन्यांत.

थांबायला आठवडा उरला असताना नेआक लुआँगचा प्रकार घडला. मेकाँगकाठचं हे गाव सरकारच्या, म्हणजे अमेरिकेच्या मित्राच्याच ताब्यात होतं. तिथे विमानांना दिशा दाखवणारा रेडिओ संकेतक बसवलेला होता. बी-५२ च्या चालकदलाने हिशेबात गफलत केली आणि बॉम्बचा अख्खा पट्टा त्या संकेतकावरच, म्हणजे गावाच्या भर रस्त्यावर, ओतला. १३७ माणसं मेली, त्यात सैनिकही होते आणि त्यांच्या बायकापोरंही. विमानाचा मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याला, नॅव्हिगेटरला, सातशे डॉलर दंड झाला.

बॉम्बमुळे ख्मेर रूज वाढले की त्यांचा विजय दोन वर्षं लांबला, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. दोन्हींत तथ्य असावं. एवढं नक्की, की जळालेल्या गावातल्या पोरांना भरती करणं ख्मेर रूजच्या प्रचारकांना सोपं गेलं. आणि याच काळात त्यांनी आपल्या ताब्यातल्या गावांत सामुदायिक शेती, सक्ती आणि सिहानूकनिष्ठांची गुपचूप छाटणी सुरू केली. पुढे देशभर जे झालं त्याची तालीम १९७३ लाच चालू होती.

नॉम पेन्हची लोकसंख्या युद्धाआधी सहा लाखांच्या आसपास होती, ती निर्वासितांमुळे वीस लाखांवर गेली. १९७५ च्या जानेवारीत मेकाँगचा रस्ता बंद झाला, मग तांदूळ विमानाने यायला लागला. १ एप्रिलला लोन नोल देश सोडून गेला. १२ एप्रिलला अमेरिकन राजदूत झेंडा काखेत घेऊन हेलिकॉप्टरमध्ये चढला. त्याने सिरिक मटकलाही बरोबर चलण्याची गळ घातली होती. सिरिक मटकने चिठ्ठी पाठवून नकार कळवला. आपण असे भ्याडपणे निघून जाऊ शकत नाही आणि अमेरिकेवर विश्वास ठेवला हीच आपली चूक झाली, असा त्या चिठ्ठीचा आशय. काही दिवसांत ख्मेर रूजनी त्याला मारलं. या पाच वर्षांत अडीच-तीन लाख माणसं मेली असा साधारण अंदाज आहे.

विजयानंतरचं युद्ध

१७ एप्रिल १९७५ ला सकाळी काळ्या कपड्यांतली पोरं नॉम पेन्हमध्ये शिरली. ख्मेर नववर्षाचा सण नुकताच झाला होता. लोक पांढरी फडकी घेऊन रस्त्यावर आले, युद्ध संपलं म्हणून मिठ्या मारल्या. दुपारपर्यंत हुकूम निघाला की सगळ्यांनी शहर सोडायचं, अमेरिकन बॉम्ब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. रुग्णालयांतले पेशंटही बाहेर काढले. खाटा ढकलत, सलाईनच्या बाटल्या हातात धरून माणसं एप्रिलच्या उन्हात चालू लागली. बॉम्ब पडणार नव्हतेच. परत येऊ दिलं नाही ते जवळजवळ चार वर्षं.

या राजवटीबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून इथे यादवीच्या धाग्यापुरतंच सांगतो. ख्मेर रूजच्या लेखी युद्ध संपलंच नव्हतं. त्यांनी देशाच्या माणसांची युद्धातल्या बाजूंप्रमाणे वाटणी केली. युद्धकाळात त्यांच्या मुलखात राहिलेले ते ‘मूळ लोक’, आणि शहरांतून हाकललेले ते ‘नवे लोक’ किंवा ‘१७ एप्रिलवाले’. नव्या लोकांना शिधा कमी आणि काम जास्त. हेक्टरी तीन टन भाताचं उद्दिष्ट ठरलं, जे त्या जमिनीत निघणं कठीण होतं. खालचा अधिकारी भीतीने खोटे आकडे कळवायचा, वरचा त्या आकड्यांप्रमाणे भात उचलून न्यायचा आणि गाव उपाशी. पैसा बंद, बाजार बंद, विहार बंद, शाळा जवळजवळ बंद. चाम मुसलमान, व्हिएतनामी आणि चिनी वंशाचे लोक यांच्या वाट्याला तर विशेष छळ आला. ऐंशी लाखांहून कमी लोकसंख्येतले पंधरा ते वीस लाख लोक भूक, रोग, अतिश्रम आणि हत्येने गेले. राजा सिहानूक? तो परत आला, नावापुरता राष्ट्रप्रमुख झाला, १९७६ मध्ये बाजूला झाला आणि राजवाड्यात नजरकैदेत राहिला.

नंतर ते आपल्याच माणसांवर उलटले. नॉम पेन्हमधल्या एका माध्यमिक शाळेत एस-२१ हा तुरुंग थाटला होता, आजचं तुओल स्लेंग संग्रहालय. तिथे मारल्या गेलेल्या बारा हजारांहून जास्त लोकांची नोंद पुढे न्यायालयाने मान्य केली. त्यात ख्मेर रूजचेच कार्यकर्ते फार मोठ्या संख्येने होते. छळ करून त्यांच्याकडून आपण अमेरिकेचे, रशियाचे किंवा व्हिएतनामचे हेर असल्याची कबुली लिहून घ्यायची, त्यात आणखी नावं यायची, मग ती माणसं उचलायची. १९७८ मध्ये व्हिएतनामला लागून असलेल्या पूर्व विभागाची पाळी आली. तिथले लोक ‘ख्मेर शरीराचे पण व्हिएतनामी मनाचे’ ठरवले गेले. अनेकांना दुसऱ्या प्रांतांत नेताना निळ्या चौकडीचे पंचे वाटले, त्या पंचावरून ते ओळखू येत आणि मारले जात. विभागाचा प्रमुख सो फिमने आत्महत्या केली. उरलेले काही सीमा ओलांडून व्हिएतनामला गेले, त्यात हेंग सामरिन हा अधिकारी होता. त्याच्या आधी, १९७७ मध्ये, हुन सेन नावाचा एक पंचविशीतला तुकडीप्रमुख गेला होता. हे नाव पुढे लागेल.

ख्मेर रूज सीमेपलीकडच्या व्हिएतनामी गावांवरही हल्ले करत होते. २५ डिसेंबर १९७८ ला व्हिएतनामने पूर्ण ताकदीने चढाई केली आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह घेतलं. सत्तेवर हेंग सामरिनचं सरकार आलं. म्हणजे ख्मेर रूजमधून फुटलेल्या एका गटाने शेजाऱ्याच्या फौजेच्या जोरावर दुसऱ्या गटाला हटवलं. दीडशे वर्षांपूर्वीचे राजपुत्र हेच करत होते.

जगाने कुणाची बाजू घेतली

इथे जगाची अब्रू गेली, असं मी म्हणेन. चीनला व्हिएतनाम नको होता, अमेरिकेला रशियाचा दोस्त असलेला व्हिएतनाम नको होता, थायलंडला व्हिएतनामी रणगाडे आपल्या सीमेवर नको होते. म्हणून सीमेवर पळालेल्या पोल पॉटच्या फौजेला चीनने शस्त्रं दिली, थायलंडने वाट दिली आणि संयुक्त राष्ट्रांनी कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच राजवटीकडे ठेवली. ती फारच लाजिरवाणी दिसू लागली म्हणून १९८२ चा तो क्वालालंपूरचा आघाडी करार. सिहानूक आणि सोन सान यांची नावं पुढे, बंदुका बहुतांशी ख्मेर रूजच्या. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये, इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्यावर, हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली. तेव्हा सोव्हिएत गटाबाहेरचा असा देश जवळपास एकटाच होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं १९८६ पासून अंगकोर वाटच्या डागडुजीला गेली तीही या संबंधांतूनच, आणि तेव्हा आसपास लढाई चालूच होती.

हे दशक सामान्य ख्मेर माणसासाठी दोन्हीकडून वाईट. सीमेवरच्या छावण्यांत लाखो निर्वासित, आणि त्या छावण्या कुठल्या ना कुठल्या गटाच्या ताब्यात, तिथूनच भरती. आतल्या बाजूला सरकारने १९८४ नंतर के-५ नावाची योजना राबवली. थायलंडच्या सीमेवर झाडं तोडायची, खंदक खणायचे, कुंपण घालायचं आणि सुरुंग पेरायचे, जेणेकरून गनीम आत येऊ नये. गावागावांतून माणसं सक्तीने नेली. हिवतापाने हजारो गेली. तो सुरुंगांचा पट्टा आजही पुरता साफ झालेला नाही.

शीतयुद्ध ओसरलं, रशियाचा पैसा आटला, सप्टेंबर १९८९ मध्ये व्हिएतनामी फौज निघून गेली. २३ ऑक्टोबर १९९१ ला पॅरिसमध्ये चारही गटांनी, म्हणजे आघाडीतल्या तिघांनी आणि नॉम पेन्हच्या सरकारने, शांतता करार केला आणि संयुक्त राष्ट्रांनी देश चालवायला घेतला. यासुशी आकाशी या जपानी मुत्सद्द्याच्या हाताखाली सुमारे बावीस हजार सैनिक, पोलीस आणि अधिकारी, त्यात भारतीय जवानही होते. खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर. ख्मेर रूजने ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि मतदान करणाऱ्याला धमक्या दिल्या. तरी मे १९९३ मध्ये जवळपास नव्वद टक्के मतदारांनी मत दिलं. सिहानूकचा मुलगा रणरिद्ध याच्या पक्षाला ५८ जागा, नॉम पेन्ह सरकारचा तोवरचा पंतप्रधान हुन सेन याच्या पक्षाला ५१. हरलेल्या हुन सेनने पूर्वेकडचे प्रांत फोडण्याची धमकी पुढे करवली, सैन्य आणि पोलीस त्याच्याच हातात होते. तोडगा निघाला तो असा की देशाला दोन पंतप्रधान. रणरिद्ध पहिला, हुन सेन दुसरा. सिहानूक पुन्हा राजा.

दोन पंतप्रधान चार वर्षं एकमेकांच्या पायात पाय घालत राहिले आणि दोघेही जंगलातल्या ख्मेर रूज सेनापतींना आपल्याकडे ओढत राहिले. कारण ज्याच्याकडे जास्त सेनापती येतील त्याचं पारडं जड. १९९६ मध्ये इएंग सारी, पोल पॉटचा मेहुणा आणि जुना परराष्ट्रमंत्री, पायलिनच्या रत्नांच्या खाणी आणि हजारो सैनिकांसह सरकारला मिळाला. १९७९ मध्ये त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली होती, ती राजाने माफ केली. जून १९९७ मध्ये पोल पॉटने संशयापोटी आपला जुना संरक्षणमंत्री सोन सेन याला बायको-नातेवाइकांसकट मारवलं. त्यावर ता मोक या सेनापतीने पोल पॉटलाच कैद करून त्याच्यावर जाहीर खटला भरला. त्याच जुलैत हुन सेनने नॉम पेन्हच्या रस्त्यांवर रणगाडे आणून रणरिद्धला उखडलं. १५ एप्रिल १९९८ रोजी पोल पॉट सीमेजवळच्या झोपडीत मेला. प्रेत टायर आणि मोडक्या फर्निचरच्या ढिगावर जाळलं. त्याच डिसेंबरात खिऊ सांफान आणि पोल पॉटचा उजवा हात नुऑन चिया शरण आले आणि हुन सेनने त्यांचं स्वागत केलं. शरण न आलेला ता मोक तेवढा उरला, तो मार्च १९९९ मध्ये पकडला गेला.

हुन सेन या तडजोडीला ‘विन-विन धोरण’ म्हणतो आणि २०१८ मध्ये राजधानीबाहेर त्याचं भलंमोठं स्मारकही उभं राहिलं. शरण या, जीव, पद आणि मालमत्ता राखा, असा तो सौदा. यादवी त्याने थांबवली हे मान्यच करायला हवं, आधीच्या कुणाला ते जमलं नव्हतं. पण या सौद्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाचे हात आखडले. ते २००६ पासून २०२२ पर्यंत चाललं, तीस कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि शिक्षा झाली ती तिघांना: एस-२१ चा प्रमुख दुच, नुऑन चिया आणि खिऊ सांफान. इएंग सारी खटला चालू असतानाच २०१३ मध्ये मेला, ता मोक तर त्याआधीच कोठडीत. त्यांच्या खालच्या फळीवरचे खटले पुढे सरकले नाहीत. आणखी माणसं ओढलीत तर पुन्हा यादवी होईल, असं हुन सेन उघड सांगत होता, आणि त्या फळीतले कित्येक जण तोवर त्याच्याच सैन्यात आणि प्रशासनात सामावून घेतलेले होते. २०२३ मध्ये त्याने पंतप्रधानपद मुलाला, हुन मानेतला दिलं.